पपांची तीन काडतुसं

२९ सप्टेंबर
संत मायकेलचा सण

प्रिय टॅड,

लोकरी मोजे पाठवते आहे, दोन जोड. करडे तुझ्यासाठी, तपकिरी उंदरांसाठी. पपांच्या डोंगरावरच्या त्या शिकारीच्या कॅम्पात मोज्यांवर पहिला हक्क नेहमी उंदरांचाच असायचा.

पेनी मजेत आहे. संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसते, तुझ्या गाडीचा आवाज येईल म्हणून. पण कोबीचं सूप ताटलीत पडलं की तुला पार विसरते. शेवटी कुत्रीच ती, आणि त्यातून आपल्या घरची.

हॉस्पिटलमधून तुला आणलं त्या दिवशी तू माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीस. गाडी चालवणाऱ्या रोमनशी बोललास, पेट्रोल पंपावरच्या पोरीशी बोललास, रस्त्यात आडव्या आलेल्या टर्कींनासुद्धा दोन शब्द सुनावलेस. मी मागच्या सीटवर तुझी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप घालून तू डोंगरावर राहायला गेलास, हेही मला रोमनच्या दुकानात खिळे घेताना कळलं. सख्ख्या बहिणीला बातमी खिळ्यांच्या पुडीतून.

रागाव. मी थकलेय, नाहीतर मीही रागावले असते. फक्त मंगळवारी क्लिनिकला खाली उतरत जा, डॉक्टरीणबाईंना भेट. मला नाही भेटलास तरी चालेल.

काल आपल्या जुन्या शाळेच्या इमारतीवरून गेले. वर्गांत आता चर्चची मोडकी बाकं ठेवतात. मागचे मेपल लाल झालेत, म्हणजे हंगाम आला. या दिवसांत स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले की आई दिसते, हात पिठाचे, कान डोंगराकडे. पपा खिशात तीनच काडतुसं नेत. "चौथं लागत असेल तर माणसानं घरी बसून अंडी खावीत." आणि आई इकडे बार मोजायची. एकच आला तर हरीण पडलं, कांदे चिरायला घ्या. दोन आले तर देव जाणे. तिन्ही झाले की हरीण निसटलं, मग हसायची, "बर्नी, बटाटे सोल."

एक बार म्हणजे आपल्या घरात केवढा आनंद असायचा.

तुझी,
बर्नी

ता. क. कपाट कोरडं आहे. काळजी नको.


१९ ऑक्टोबर

प्रिय टॅड,

तुझं कार्ड मिळालं. "बंदुका परत दे. सात आहेत. हंगाम जवळ आला. थॅडियस." पूर्ण नावानं सही केलीस. आईनं पूर्ण नावानं हाक मारली की आपण दोघं खळ्याकडे पळायचो. मला तसंच वाटलं.

सात आहेत हे मला ठाऊक आहे. मीच एकेक उचलून आणल्या, पपांची सर्वांत शेवटी.

तू लिहिलं नाहीस, पण रोमनला म्हणालास ते माझ्यापर्यंत पोचलं. बहिणीनं गावासमोर मला वेडा ठरवलं म्हणे. टॅड, ही रीत माझी नाही. कुणाच्या घरावर सावट आलं की आपल्याकडे शेजारी येतात, कॉफी पितात, हवेच्या गप्पा मारतात आणि निघताना टोपी फिरवत म्हणतात, "एवढा हिवाळा तुझ्या बंदुका माझ्याकडे राहू देत का?" कारण कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. म्हाताऱ्या कोवालचिकच्या तीन बंदुका पपांनी वर्षभर आपल्या पलंगाखाली ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर जाळं विणणाऱ्या कोळ्याचं तू बारसंसुद्धा केलं होतंस. कपाट एकाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे, हाही पपांचाच नियम, म्हणजे एकाचं मन पाघळलं तरी दुसऱ्याचं शाबूत असतं. कपाट माझ्याकडे आहे. किल्ली रोमनकडे.

तुला विचारलं नाही, तू हॉस्पिटलात असताना नेल्या, एवढं मात्र रीतीबाहेर झालं. रोमन म्हणतो, विचारण्यासारखा तू नव्हतास. मला वाटतं होतास, पण नाही म्हणाला असतास.

आता त्या दिवसाचं लिहितेच. इतके दिवस मोज्यांवर भागवलं.

तू पेनीला घेऊन माझ्या पायरीवर आलास. "दोन दिवस सांभाळ." तिची गादी दिलीस, खाण्याचं पोतं दिलंस, आणि वर एक पाकीट. तू गेल्यावर उघडलं. तिच्या लसींचे कागद. दोन दिवसांसाठी कुत्रं ठेवणारा माणूस लसींचे कागद देत नाही, टॅड. मी ॲप्रनवरच गाडी काढली.

तुझ्या स्वयंपाकघरात टेबलावर पपांची बंदूक होती. तू म्हणालास, "पुसायला काढलीय." मी टेबल पाहिलं, ओटा पाहिला. फडकं कुठेच नव्हतं.

यापुढचा शब्द मी लिहिणार नाही. शाळेत सिस्टर हायसिंथा पाचवी आज्ञा शिकवताना म्हणायच्या, "हत्या करू नकोस, यात तू स्वतःही आलास." सगळा वर्ग हसला होता. असलं कोण करेल, असं वाटायचं वय होतं ते.

मार्लीनला जाऊन दीड वर्ष झालं. तुझी बायको होती, पण चाळीस वर्षं माझीही कुणीतरी होती. मी फोन उचलून अजून तिचा नंबर फिरवायला जाते.

बर्नी


४ नोव्हेंबर

प्रिय टॅड,

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सकाळी पहिलं काम हेच करते आहे.

काल शिकाऱ्यांच्या संत ह्युबर्टचं जेवण झालं. आधी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना. सगळे पुरुष नारिंगी जाकिटं घालून बाकांवर, चर्चमध्ये भोपळे मांडल्यासारखे. रोमननं दानाची टोपली फिरवली. वाकला की त्याचा कोट वर होतो आणि कमरेचं पिस्तूल दिसतं. लोक जरा सढळ हातानं टाकतात. नवीन फादर ओबिना उन्हाळ्यात नायजेरियातून आलेत, त्यांनी शिकाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मी खिडकीतल्या रंगीत काचेकडे पाहत होते. हरणाच्या शिंगांमध्ये चमकणारा क्रूस, आणि गुडघ्यांवर बसलेला शिकारी संत. तू लहानपणी विचारायचास, "मग त्यानं ते हरीण मारलं का?" सिस्टर म्हणाल्या, "नाही, त्यानं शिकारच सोडली." तू म्हणालास, "मग तो जेवला काय?" त्याच संताच्या नावानं आपण दरवर्षी रायफलीची सोडत काढतो. चर्चचं नवं छप्पर त्यातूनच झालं. आपल्याला यात कधी काही खटकलं नाही.

तिकिटं मी ऑगस्टमध्येच घेतली होती. आईसारखीच, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक. "देवाच्या डब्यात सगळ्यांचं नाव असावं," म्हणायची ती. माझं लिहिलं, तुझं लिहिलं, आणि हात सवयीनं पुढे गेला. लिहून झाल्यावर पाहिलं तर मार्लीन सिकोरा. खोडायला पेन टेकवलं, पण खोडवेना. तिला दुसऱ्यांदा पुरल्यासारखं वाटलं. राहू दिलं.

पहिल्या बक्षिसाची, म्हणजे रायफलीची, चिठ्ठी फादरनी काढली. ते बिचारे नवीन. मोठ्यानं वाचलं, "मार्लीन सिकोरा! अभिनंदन! कुठे आहेत मार्लीन? हात वर करा पाहू!"

फादर चिठ्ठी उंच धरून हसत राहिले.

शेवटी रोमन म्हणाला, "फादर, ती वर दफनभूमीत असते."

मग कालवा झाला. एक म्हणे चिठ्ठी परत काढा. दुसरा म्हणे, "जिंकलं ते जिंकलं, नवऱ्याला द्या, नियम आहे." बटाट्याच्या पिरोगी वाढणारी ती डोरीन म्हणाली, "मला तर अंगावर काटा आला. ही खूण आहे. बायकोनं वरून पाठवलीय!" दोघीतिघींनी क्रूसाची खूण केली. मी कढईपाशी उभी होते. मला ओरडायचं होतं की कुणी काही पाठवलेलं नाही, माझ्या हातानं लिहिलंय ते. पण मी कढईतला झारा हलवत राहिले.

आजोबांच्या काळापासूनचा नियम आहे. रायफल तुझी. बंदुका विकायचा परवाना रोमनकडेच, तेव्हा त्याच्या दुकानात येऊन कागद करायचे आणि न्यायची.

रोमन म्हणतो, "बर्नी, त्याला कळवूच नकोस. मी गुपचूप दुसऱ्याला देतो." मी रात्रभर विचार केला. तुझ्यापासून आणखी एक गोष्ट लपवली, तर कपाटातल्या सातांचाही हिशेब खोटा होईल. म्हणून लिहिलं.

आता पत्र पाकिटात घालायचं धैर्य हवं.

बर्नी


२० नोव्हेंबर

प्रिय टॅड,

तुझं कार्ड आलं. "हंगामाच्या आदल्या दिवशी खाली येतो. माझी आहे ती घेईन." या वेळी सहीच नाही.

फादर ओबिना काल आले होते. माझ्या खुर्चीत मावत नाहीत, तरी अंग चोरून बसले. चिठ्ठीबद्दल दहादा माफी मागितली. मी म्हटलं, "फादर, तुमचा काय दोष? पण मला एक सांगा. देव त्या डब्यात हात घालतो का?"

ते म्हणाले, "देव डब्यात हात घालत असता, तर माझ्या आईला सोडतीत एकदा तरी कोंबडी लागली असती."

मी हसले, आणि हसताना रडू आलं. मग विचारलं, मी काय करू? दार अडवून उभी राहू की त्याच्यावर भरवसा ठेवू? त्यांनी बराच वेळ पेनीच्या कानामागे खाजवलं. "बाई, आमच्याकडे बंदूक दिसली की लोक पळतात. तुमच्याकडे लोक रांग लावून तिकीट घेतात. मी दोन्हीकडच्या लोकांची पापं ऐकली आहेत आणि अजून मला बंदुकीबद्दल काही कळलेलं नाही. माणसांबद्दल एवढंच कळलंय, की एकट्याला सोडू नये."

डॉक्टरीणबाईंशीही बोलले, तू परवानगी दिली होतीस म्हणून. त्या म्हणाल्या, तू नियमानं येतोस, औषध लागू पडतंय, पण कॅम्पात एकटं राहणं आणि घरात बंदूक हे दोन्ही एकत्र नको. फार सौम्यपणे म्हणाल्या. मला सौम्यपणाचीच जास्त भीती वाटते हल्ली.

तुला आठवतं, बाराव्या वर्षी तू पहिली हरिणी जखमी केलीस? अंधार पडेपर्यंत तू रक्ताच्या मागावर चालत राहिलास, पपा मागे. त्यांनी घरी यायचं नावही काढलं नाही. जखमी जनावर टाकून यायचं नसतं, हे त्यांनी आपल्याला पाव खायला शिकवावं तसं शिकवलं. मी तुझ्यामागे पत्रं पाठवते आहे ती त्याच रीतीनं. हा दाखला बरोबर नाही, पपा शेवट करायला जायचे, हे कळतंय मला. सिस्टरनी लाल शाईनं खोडला असता. पण दुसरा सुचत नाही.

बर्नी


१ डिसेंबर
आगमनकाळाचा पहिला रविवार

प्रिय टॅड,

परवा दुकानात नीट बोलता आलं नाही. रोमननं फोन करून एवढंच सांगितलं, "तो आलाय. कागद चोख आहेत. मी शाई संपल्याचं नाटक चालवलंय, लवकर ये." मी पोचले तेव्हा ती नवी रायफल काउंटरवर होती आणि तू तिच्याकडे न बघता पाठीमागच्या मासे पकडायच्या गळांकडे बघत होतास. किती वाळलास रे.

मी म्हटलं, "घेणार आहेस?"

तू म्हणालास, "लोक म्हणतात मार्लीननं पाठवलीय."

"लोक म्हणतात."

"बर्नी, ती बार ऐकला की कानात कापूस घालून तळघरात जायची. तिनं वरून पाठवायचंच असतं तर गलोलसुद्धा पाठवली नसती. भोपळ्याचा केक पाठवला असता. आणि तोही करपलेला."

रोमन खाली बघून हसला, आणि तूही. माझ्या लक्षात आलं, त्या दिवसानंतर तू पहिल्यांदा मला बर्नी म्हणाला होतास.

मग तू हळू आवाजात म्हणालास, "मला नवी नको. मला पपांची हवी. आणि ती मागताना तुझ्या तोंडाकडे बघावं लागतं, ते मला जमत नाही."

त्यावर मी जे बोलले ते घरून ठरवून आले नव्हते. आता पुन्हा लिहिते, म्हणजे शब्दाला शब्द राहील. कॅम्प बंद कर. माझ्या मागच्या खोलीत राहा, गादी उन्हात घातली आहे. शिकारीला माझ्या घरून जायचं. पहाटे रोमन किल्ली घेऊन येईल, पपांची एकटी बाहेर निघेल, संध्याकाळी परत कपाटात. रोमन सोबत येईल. काडतुसं मी मोजून देईन, तीन. जेवण माझ्या टेबलावर. नवी रायफल पुढच्या वर्षीच्या डब्यात.

तू म्हणालास, "म्हणजे मी बारा वर्षांचा."

मी म्हटलं, "हो. आणि मी अठराची. कुणाची तक्रार आहे?"

तू टोपी घालून गेलास. गाडी डोंगराच्या दिशेनं वळली. रोमन म्हणाला, "सामान आणायला गेला असेल." मी म्हटलं, "असेल."

आज मिस्सात पहिली जांभळी मेणबत्ती लावली. आगमनकाळ म्हणजे नाताळापर्यंत वाट बघणं, असं सिस्टर शिकवायच्या. त्यांनी कधी कुणाची बघितली होती, देव जाणे.

दाराला कडी लावलेली नाही.

बर्नी


११ डिसेंबर

टॅड,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तू ओढ्यापलीकडच्या उतारावर आहेस आणि मी स्वयंपाकघरात. पण हात रिकामे ठेवले तर मी सारखी खिडकीशी जाते, म्हणून लिहिते.

तू सामान घेऊन खाली आलास, तेव्हापासून आठवडाभर रोमन तुझ्यासोबत होता. रोज रिकाम्या हातानं आलात, रोज त्याच्या बुटांना शिव्या दिल्यास. "याच्या पावलांनी कॅनडातली हरणंसुद्धा सावध झालीत." तू दोनदा वाढून घेतलंस. काल पेनी तुझ्या पायाशी झोपली. मला वाटायला लागलं होतं की सगळं जागेवर येतंय, आणि असं वाटलं की मी घाबरते.

आज पहाटे रोमन किल्ली घेऊन आला तो लंगडत. गुडघा धरलाय, उतार उतरवत नाही म्हणाला. कपाट उघडं होतं. तू हात पुढे केला नाहीस, मागेही घेतला नाहीस. रोमन माझ्याकडे बघत होता. त्याचं मन शाबूत राहावं म्हणून किल्ली त्याच्याकडे, आणि त्यानं सगळं माझ्यावर टाकलं.

मी तुझ्या डोळ्यांत पाहिलं. काय दिसलं ते सांगता येणार नाही. तिथे माझा भाऊ होता, एवढंच. मी डब्यातून तीन काडतुसं काढली आणि तुझ्या तळहातावर ठेवली. एक, दोन, तीन. तुझा हात गरम होता.

तू पेनीला म्हणालास, "हिच्याकडे लक्ष ठेव." आणि गेलास.

हे बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या. फादरना विचारलं असतं तर पेनीचा कान खाजवला असता. रोमन पुढच्या खोलीत पाय वर करून बसलाय, वर्तमानपत्र उलटं धरून. मी जपमाळ घेतली, पण दुसऱ्या दहा मण्यांतच चुकले. बर्फ पडून गेलंय. हंगामाचा दुसरा आठवडा, कामाचा दिवस. डोंगरात दुसरं कुणी नाही. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येत नाही.

आत्ता बार झाला.

पपांच्या बंदुकीचा. तो आवाज मी चर्चच्या घंटेसारखा ओळखते.

एकच.

पेनी उठून उभी राहिली. रोमनचं वर्तमानपत्र खाली आलं. एकच बार, टॅड. कांदे चिरायला घ्यायचे दिवस होते ते. मी साठ वर्षं या आवाजाला हसत आले आणि आज कांद्यांकडे बघवत नाही. रोमन दारात आलाय. देवा, हे मी त्याच्या हातावर ठेवलं. मी मोजून ठेवलं. रोमन कोट घालतोय. बुटाची नाडी बांधता येत नाहीये त्याला. मी लिहिते आहे, कारण पेन ठेवलं की

दुसरा.

मग थोडं थांबून, काही घाई नसल्यासारखा, तिसरा.

नेम धरून हरणावर कुणी असे बार काढत नाही. इतके सावकाश, मोजून दिल्यासारखे. तू आकाशात काढलेस की बर्फात, ते आल्यावर विचारीन, किंवा नाहीच विचारणार. तुला ठाऊक होतं, मी इथे मोजत बसले असेन. हरणाचं नंतर बघू. पपांची बंदूक आता रिकामी आहे आणि तू उतारावरून खाली येतो आहेस.

रोमन एका पायात बूट घालून पायरीवर बसलाय आणि पेनीच्या मानेत तोंड खुपसून रडतोय. त्याला सांग, मी पाहिलं नाही.

मी उठते. बटाटे सोलायचे आहेत.